घरी पडलो

"अपंगाचं कार्ड आहे का?" कंडक्टरने विचारलं. मी खिडकीबाहेर बघत होतो, त्यामुळे हा प्रश्न मला आहे हे कळायला जरा वेळ लागला. बस धुळ्याच्या स्टँडमधून नुकतीच सुटली होती, सकाळचीच वेळ, तरी खिडकीची दांडी हाताला चटके देत होती, आणि हा माणूस माझ्या गळ्यातल्या पट्ट्याकडे आणि त्या पट्ट्यात झोपवलेल्या उजव्या हाताकडे बघत उभा होता. "असलं तर दाखवा, भाडं कमी लागेल." मी म्हणालो, "पूर्ण तिकीट द्या. जळगाव." आवाज असा निघाला की पुढच्या सीटवरची बाई मागे वळून बघायला लागली. "तुमच्या भल्याचंच सांगितलं बुवा," असं पुटपुटत त्याने मशीनमधून तिकीट काढलं. पैसे शर्टाच्या खिशात होते, बायकोने, कोकिळाने, सकाळी घडी करून ठेवले होते. शर्टाचा खिसा डावीकडे असतो. डाव्या खिशातून डाव्या हाताने नोट काढून बघा एकदा, तीही धावत्या एसटीत. कोपर मागच्या माणसाला लागतं, मनगट वळत नाही, बोटं खिशाच्या शिवणीतच अडकतात. मी झटापट करत होतो तेवढ्यात कंडक्टरने मदत म्हणून माझ्या खिशात दोन बोटं घातली आणि नोट काढून घेतली. सुटे पैसे त्याने मोजून परत त्याच खिशात टाकले आणि वरून थोपटलं. चोख माणूस. मला त्याच्या कानाखाली आवाज काढावासा वाटला, पण ज्या हाताने काढायचा तो पट्ट्यात झोपलेला होता.

भल्याचं. सध्या जो तो माझ्या भल्याचं बोलतो. गल्लीतले लोक भेटायला येतात, केळी आणतात, खाटेच्या कडेला टेकतात आणि म्हणतात, आता आराम करा भिकनभाऊ, आयुष्यभर खूप राबलात. आराम ही मोठी चैनीची गोष्ट आहे हे या लोकांना कोणी सांगितलेलं नाही. पहिले काही दिवस आराम बरा वाटतो. मग दूधवाला महिन्याच्या शेवटी दारात थोडा जास्त रेंगाळायला लागतो. मग बायको गॅस बारीक करून ठेवते आणि डाळ शिजायला वेळ का लागतो हे आपण विचारत नाही. मग तिच्या गळ्यातली सोन्याची पोत दिसेनाशी होते, आणि तेही आपण विचारत नाही, कारण विचारलं तर ती सांगेल. माझा पगार संक्रांतीनंतर बंद झाला. पडलो दिवाळीच्या मागोमाग. पहिला पगार पूर्ण आला, दुसरा अर्धा आला, आणि तिसऱ्या पगाराच्या जागी लाडू आले. मेथीचे. ज्यांच्या साडीच्या दुकानात मी कामाला त्या शेठजींच्या बायकोने, राजकुंवरबाईंनी, स्वतःच्या हाताने वळलेले. हाडं जुळतात म्हणे त्याने. डबा घेऊन गाडीचा ड्रायव्हर धुळ्यापर्यंत आला होता. आणि डबा रिकामा परत करायचा नाही ही आपली रीत, म्हणून कोकिळाने त्यात बिबडे भरून पाठवले. ज्वारीचे ते पापडासारखे बिबडे ती आता ऑर्डर घेऊन करते. पहाटे पिठाच्या घाट्याचं पातेलं चढवते, अंगणात खाटांवर ओली फडकी पसरून एकेक थापते, तिच्या बोटांची कातडी निघाली आहे. म्हणजे शेठजींच्या लाडवांच्या बदल्यात माझ्या बायकोच्या कमाईचा एक डबा शेठजींच्या घरी गेला. मी खाटेवर बसून हे बघितलं. बघण्याशिवाय मी सध्या करतो काय?

आज मात्र फोन आला. रोनकभैयाचा. शेठजींचा मुलगा, जळगावचं दुकान आता तोच बघतो. "काका, आज दुकानात या ना. तुमच्या पगाराचं बोलून टाकू." मी फोन ठेवला तेव्हा कोकिळा दारात उभी होती, तिच्या हाताला पीठ होतं. तिने माझा पांढरा शर्ट काढला, इस्त्री केली, आणि मला घालताना आधी दुखरा हात बाहीत सोडला, मग चांगला. बटणं लावता लावता म्हणाली, "तोंड उघडून मागा. ते स्वतःहून देतील म्हणून बसू नका." हर्षाली, माझी मुलगी, दोरीवरचे कपडे काढत होती आणि ऐकत नसल्यासारखं करत होती. ती डी.फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आमच्याच भागात, देवपुरात, कॉलेज आहे तिचं. फी भरली नाही तर परीक्षेला बसता येणार नाही असं कॉलेजने तिला सांगितलंय, आणि तेही वर्गात, सगळ्यांसमोर. परवा शेवटचा दिवस. ती मला म्हणाली होती, पप्पा, वर्ष गेलं तर गेलं, पुढच्या वर्षी देईन. इतक्या शांतपणे म्हणाली की मला तिचाच राग आला. ओरडायला पाहिजे होतं तिने. आमच्या घरात सगळे इतके समजूतदार आहेत की जीव गुदमरतो.

तोंड उघडून मागा. बस पारोळ्याकडे धावत होती, खिडकीतून भट्टीसारखा वारा तोंडावर येत होता आणि मी मनातल्या मनात तोंड उघडून बघत होतो. शेठजी, जरा अडचण आहे. नको, अडचण सगळ्यांनाच असते. शेठजी, माझं जे काही असेल ते. जे काही असेल ते म्हणजे काय, लाडू? शेठजी, पोरीची फी. म्हणजे पोरीला पुढे केलं. प्रत्येक वाक्य जिभेवर आलं की त्याला वास यायचा. मला मागता येत नाही. माझं नावच भिकन आहे. माझ्या आधी आईची दोन मुलं गेली, म्हणून मी झालो तेव्हा तिने पाच घरी जाऊन पदर पसरला, पाच घरच्या जुन्या कापडाचे तुकडे मागून आणले आणि त्याचं माझं पहिलं अंगडं शिवलं. मागून आणलेलं पोर, त्याच्यावर कोणाची नजर जात नाही. आमच्याकडे गल्लीत हाक मारली तर दोनतीन भिकन वळून बघतील, त्यात विशेष काही नाही. पण शाळेत असताना एका मास्तरांनी हजेरी घेताना नाव उच्चारून हात पुढे केला होता, भिकाऱ्यासारखा, आणि वर्ग हसला होता. तेव्हापासून मी कोणाकडे काही मागितलं नाही. वही नाही, सायकलचा उसना पंप नाही, पगारवाढ नाही. शेठजी देतील ते घेतलं, आणि न मागता मिळतं याचा माजही केला. आता वाटतं, त्यांना याहून सोयीचा माणूस कुठे मिळाला असता?

घेवरचंद शेठजींचं दुकान आधी धुळ्यात होतं, आग्रा रोडला. मी तिथे मिसरूड फुटायच्या आत लागलो आणि पांढऱ्या गादीवर बसायला शिकलो. साडी दाखवणं म्हणजे काय हे ज्याने गादीवर दिवस काढले नाहीत त्याला कळायचं नाही. घडी डाव्या तळव्यावर धरायची आणि उजव्या मनगटाने असा झटका द्यायचा की साडी हवेत उलगडत जाते आणि पदर बरोबर बाईच्या मांडीवर पडतो. हातात द्यायचा नाही, मांडीवर पडू द्यायचा. एकदा मांडीवर पडला की ती तो बाजूला सारत नाही, आधी बोटांनी चाचपते. तिथे निम्मं काम झालेलं असतं. लग्नाचा बस्ता घ्यायला आलेली मंडळी, नवरीकडची पंधरा-वीस माणसं, टेम्पो भरून यायची, दुपारभर बसायची, त्यांना चहा, त्यांना जेवण, त्यांच्यातल्या रुसलेल्या आत्याला वेगळी साडी. हे सगळं मी या खांद्यावर केलं. शेठजी म्हणायचे, भिकनचा हात म्हणजे दुकानाची लक्ष्मी. गिऱ्हाइकांसमोर म्हणायचे, हा नोकर नाही, आमच्या घरचा माणूस आहे. दर वेळी माझी छाती फुगायची. आता एसटीच्या सीटवर हिशेब केला तर दिसतं, घरच्या माणसाचं नाव कुठेच नोंदवायचं नसतं. घरच्या माणसाला पावती नसते, रजा नसते, विमा नसतो. पुढे भावाभावांत वाटण्या झाल्या, धुळ्याचं दुकान थोरल्याकडे गेलं आणि आमच्या शेठजींनी जळगावला नवीन टाकलं. मला विचारलंसुद्धा नाही, कारण घरच्या माणसाला काय विचारायचं? मी आठवडाभर जळगावला दुकानाच्या वरच्या खोलीत राहायचो आणि सुट्टीच्या दिवशी देवपूरला घरी यायचो. माझी जुनी गिऱ्हाइकं दूर पडतं म्हणून कुरकुर करत माझ्यामागे जळगावला आली. तेव्हाही माझी छाती फुगली होती.

एरंडोलला बस थांबली तेव्हा मी उतरलो नाही. उतरलं की चढताना दांडी धरायला हात लागतो. हा हात, मला त्याचाही राग येतो. सकाळी उठलं की तो माझ्याआधी जागा असतो, मुंग्या येत असतात. खांद्यात धातूची पट्टी बसवली आहे, बाहेरून शिवण दिसते, पण आतली कुठली तरी नस दबली, आणि आता कोपराच्या वर तो उचलत नाही. बोटं हलतात. पेला धरता येतो, तोंडापर्यंत नेता येत नाही. डॉक्टर म्हणतात व्यायाम करा, वर्ष लागेल, कदाचित येईल. कदाचित. आणि तो पडण्याचा क्षण मला सारखा आठवतो, त्यात काही विशेष नाही म्हणूनच आठवतो. नवीन दुकानाची फरशी गुळगुळीत, आरशासारखी, रोनकभैयाला फोटोत चांगली दिसते म्हणून. वरती माळा, त्यावर भारी रेशमी माल. लोखंडी शिडी, तिच्या पायांची रबरं निघाली होती. मी दोनदा सांगितलं होतं, भैया, रबर बसवून घ्या. हो काका, करतो. त्या दिवशी गिऱ्हाईक बसलेलं होतं, भैया म्हणाला, काका, वरचा गठ्ठा तुम्हीच काढा, तुम्हालाच सापडेल. मी वर चढलो, गठ्ठा ओढला, आणि पायाखालची शिडी मागे सरकली. आवाज झाला तो शिडीचा. माझा आवाज मला ऐकूच आला नाही. गठ्ठा सुटला होता आणि तोंडावर मोतिया रंगाचं रेशीम पसरलं होतं. गार होतं ते, एवढं आठवतं.

आणि मग दवाखाना. तिथल्या खिडकीमागच्या माणसाने विचारलं, कसे पडलात, कुठे पडलात? कामाच्या जागी पडला असाल तर सांगा, पोलिसांना कळवावं लागतं. रोनकभैया बाजूला उभा होता. त्याच्या हातात फोन होता, अंगठा काचेवर तसाच थांबला होता, चेहरा उतरलेला. त्याला मी लहानपणी खांद्यावर बसवून गणपती दाखवले आहेत, याच खांद्यावर. तो काही बोलला नाही. हे नीट सांगितलं पाहिजे, कारण कोकिळालाही खरं वाटत नाही. त्याने मला काही सांगितलं नाही, खुणावलं नाही, हात दाबला नाही. मी आपण होऊन म्हणालो, "घरी पडलो. जिन्यावरून." दुखण्याने डोळ्यांसमोर अंधारी येत होती आणि तरी मला दुकानाच्या नावाची काळजी होती. पोलीस येतील, कामगार खात्याचा माणूस येईल, सीझन तोंडावर आहे. आणि त्यातली खरी गंमत अशी की देवपूरच्या माझ्या घराला जिनाच नाही. पत्र्याचं बैठं घर. दोन पायऱ्या आहेत, ओट्याच्या. त्यावरून पडून माणसाचं फार तर गुडघा फुटेल. पण कोणी तपासायला येतंय? संध्याकाळी शेठजी आले, माझ्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाले, "भिकन, तू माझी लाज राखलीस. तू घरचाच." दवाखान्याचं बिल त्यांनी भरलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. उपकाराचं पाणी. त्या पाण्याची आज मला शिसारी येते.

युसूफला मी हे सांगितलं तेव्हा तो हसला होता. युसूफ मागच्या गल्लीत राहतो, लूमवर काम करायचा, लूमच्या पट्ट्यात त्याची दोन बोटं गेली. मालक सोबत होता, दवाखान्याच्या वाटेवर त्याला समजावत होता की म्हण, रस्त्यावर लागलं. "मैं तो बेहोश होते होते भी लूम का नाम ले रहा था," युसूफ म्हणाला. "तुमको तो किसीने बोला भी नहीं, भिकनभाई. फिर क्यों?" त्याला चार वर्षं खेटे घालावे लागले, पण पैसे मिळाले. त्यातून त्याने शिलाई मशीन घेतलं, तीन बोटांनी रजया शिवतो. फिर क्यों? त्याने चहाचा पेला माझ्या डाव्या हातात दिला, न विचारता, न बोलता. या सगळ्या महिन्यांत ज्याच्यावर मला राग आला नाही असा तो एकच माणूस.

दुकानात एसीचा गारवा अंगावर आला आणि घामाचा शर्ट पाठीला चिकटला. शिडी तिथेच होती, माळ्याला टेकवलेली. मी आधी तिचे पाय बघितले. नवीन काळी रबरं बसवली होती. गादीच्या बाजूला खूप माणसं बसलेली दिसली, पण रोनकभैया लगबगीने आला आणि मला काचेच्या केबिनमध्ये घेऊन गेला. पाणी मागवलं, तब्येत विचारली. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं, कोकिळाची शपथ. म्हणालो, "भैया, पगाराचं..." तो म्हणाला, "तेच बोलायचंय काका. मी आणि पप्पांनी विचार केलाय. आता तुमच्याच्याने गादीवर होणार नाही, बरोबर? तर हर्षालीला पाठवा. लेडीज काउंटरला मुलगी पाहिजेच आहे. सुरुवातीला थोडं कमी देऊ, शिकेपर्यंत. पण तुमची जागा घरातच राहील. आपल्या विधीसारखीच ती." विधी म्हणजे त्याची बहीण. पुण्याला शिकते, शेठजींनी तिला तिथे फ्लॅट घेऊन दिलाय. मी म्हणालो, "हर्षाली शिकतेय." तो म्हणाला, "हो, पण काका, शिकून शेवटी मेडिकलच्या दुकानात उभंच राहायचंय ना? इथे बसायला तरी मिळेल." हे तो चांगल्या मनाने बोलत होता. त्याच्या चेहऱ्यावर मला मदत केल्याचा आनंद होता. मी काही बोलणार तेवढ्यात तो उठला. "ते बोलू आपण. आधी एक काम करा. तुमच्या शेवंताबाई आल्या आहेत, शिंदखेड्याकडच्या. नातीचा बस्ता आहे. सकाळपासून बसल्यात आणि हातच लावत नाहीत कशाला. म्हणतात, भिकनला बोलवा. तुम्ही फक्त बसा, बोला. साड्या पियुष टाकेल."

म्हणजे फोन यासाठी होता. पगार हे आमिष होतं. मी केबिनच्या काचेतून बघितलं. शेवंताबाई गादीच्या मधोमध बसल्या होत्या, डोक्यावर पदर, मांडीशी कुंकवाचा करंडा. त्यांच्या तीन लेकींचे बस्ते मी दिले होते, दोन सुनांचेही. खानदेशात त्यांच्याइतकी घासाघीस करणारी बाई मी पाहिलेली नाही. सगळं ठरलं, माल बांधायला घेतला की त्या म्हणायच्या, "कमी कर रे भिकन." मी कमी करायचो, त्या परत म्हणायच्या. त्यांच्या घरची एक रीत होती. पहिली साडी कुलदेवीची निघायची, तिला त्या कुंकू लावायच्या, आणि कुंकू लागलं की बस्ता पक्का. त्याआधी त्या कितीही वेळ बसल्या, दुकानाचं कितीही जेवल्या, तरी उठून जाऊ शकत होत्या. एकदा गेल्याही होत्या. वीस माणसांचा बस्ता, लग्नसराईचा पहिला मोठा. भैयाचे पाय जमिनीवर ठरत नव्हते ते उगाच नाही.

"भिकन! कथा दपी बसना व्हता रे तू?" मला बघताच त्या अहिराणीत म्हणाल्या, कुठे दडून बसलास असं दटावत. "आमी सक्काळपशी वाट दखी ऱ्हायनूत. तू बशी तवयच बस्ता व्हई, असं सांगं मी या पोरले." मी त्यांच्या पाया पडलो, डाव्या हाताने, आणि गादीवर माझ्या जुन्या जागी बसलो. तक्क्या तोच होता. बूड टेकलं आणि पाठ आपोआप ताठ झाली, आणि त्या ताठ होण्याचा मला असा राग आला की काय सांगू. कुत्रं ओळखीच्या ओट्यावर येऊन बसतं तसा बसलो होतो मी. पियुष, नवीन सेल्समन, साड्या टाकायला लागला. चांगला आहे, पण पदर दूर पडतो त्याचा. मी नावं सांगत गेलो, रंग सांगत गेलो, नवरीच्या आईचा चेहरा बघून हिरवा मागे ठेवायला सांगितला. तोंडातून शब्द येत होते, नेहमीचे, लोण्यासारखे. आणि आत मी हर्षालीला बघत होतो, याच तक्क्याला टेकून बसलेली, कोणाच्या तरी मांडीवर पदर पडेल असं मनगट शिकणारी. तिचं मनगट चांगलं आहे, माझ्यावर गेलंय. ती शिकेल. समजूतदार आहे, मला दुखू नये म्हणून हसत हसत शिकेल, आणि पाच वर्षांनी गिऱ्हाइकांना सांगितलं जाईल, ही आमच्या घरचीच. कुलदेवीची साडी निघाली, जांभळी, मोठ्या काठाची. शेवंताबाईंनी ती मांडीवर घेतली, करंडा उघडला, बोट कुंकवात टेकवलं. आणि तसंच बोट धरून माझ्याकडे बघितलं, पट्ट्याकडे.

"तुना हातले काय व्हयनं रे?"

उत्तर माझ्याआधी शेठजींनी दिलं. ते गल्ल्यावरून उठून कधी मागे आले होते ते मला कळलं नाही. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, शिवण होती तिथेच, आणि मायेने म्हणाले, "घर पडना अक्का, जिनावरथीन. आपलाच माणूस शे. दवाखानाना बठ्ठा खर्चा आमीच करा." घरी पडला, जिन्यावरून. माझं वाक्य. मी दुखण्यात रचलेलं, त्यांच्यासाठी रचलेलं वाक्य, त्यांच्या तोंडून इतकं सहज आलं की त्यांना ते खरंच वाटत होतं. बहुतेक घरी जेवताना राजकुंवरबाईंनाही ते तसंच सांगत असतील. माझ्या खांद्यावर त्यांचा हात होता आणि त्यांना आठवत नव्हतं की तो खांदा कुठे मोडला. इतके दिवस माझा राग शिडीवर होता, फरशीवर, रोनकवर, कंडक्टरवर, कोकिळाच्या गप्प बसण्यावर, माझ्यावर. तो सगळा एका जागी आला आणि माझा आवाज एकदम शांत झाला.

"मना घरले जिना नही, अक्का," मी डाव्या हाताने माळ्याकडे दाखवत म्हणालो. "मी आठेच पडनू. त्या माळावरथीन, शेठना माल काढता काढता."

पियुषच्या हातात अर्धी उलगडलेली साडी होती, ती त्याने तशीच धरून ठेवली. खांद्यावरचा हात निघाला. रोनकभैया हसल्यासारखं करून म्हणाला, "काका, चहा सांगू का आधी?" शेवंताबाईंनी माळ्याकडे बघितलं, मग शिडीकडे, मग फरशीवर पायाचं बोट घासून बघितलं.

"मंग आते शेठ तुले काय देस?"

"अक्का, तो घरना माणूस शे," शेठजी म्हणाले. त्यांचा आवाज दुखावल्यासारखा होता, आणि तो खराच दुखावला होता, हे मला कळत होतं.

"घरना माणूसले काय देतस, तेच इचारी ऱ्हायनी मी."

"लाडू देतस, अक्का," मी म्हणालो.

शेवंताबाईंनी बोटाचं कुंकू करंड्याच्या कडेला पुसलं, करंड्याचं झाकण लावलं आणि तो उचलून कमरेला खोचला. जांभळी साडी मांडीवर तशीच राहिली. त्यांचा मुलगा, नवरीचा बाप, काही बोलायला गेला तर त्यांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "पहिले यानं बोला," त्या माझ्याकडे बोट करून शेठजींना म्हणाल्या. "मंग मना बस्तानं."

शेठजी माझ्यासमोर गादीच्या कडेला टेकले. इतक्या वर्षांत ते माझ्यासमोर, गिऱ्हाइकाच्या बाजूला, कधी बसले नव्हते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्या नजरेत मला दिसलं की आता मी घरचा माणूस नाही. वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू? "किती, भिकन?" त्यांनी विचारलं. मी संक्रांतीपासूनचे पगार सांगितले. हात बरा होईपर्यंतचे पुढचेही सांगितले. हर्षालीची फी सांगितली आणि ती या गादीवर बसणार नाही हेही सांगितलं, आणि शेवटी सगळ्याचा मिळून आकडा सांगितला. मोठा आकडा होता. तो हवेत असताना रोनकभैयाच्या तोंडून "काका" एवढंच निघालं. आणि मग माझ्या तोंडाला सवयीने जे येतं ते यायला लागलं. ओठ आपोआप हलले. तुमच्यासाठी म्हणून, शेठजी, थोडं इकडेतिकडे. जन्मभर आकडा सांगितल्यावर पुढचं वाक्य मी हेच बोललो आहे.

शेवंताबाईंनी माझ्या चांगल्या हातावर हात ठेवला.

"भाव कमी करू नको, भिकन," त्या म्हणाल्या.

मी केला नाही.